सेटआरलिमिट व पीआरलिमिट: संगणक वर्गात दोन वर्षे वापरल्यानंतरचे परीक्षण

जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांमध्ये मी सी भाषेचा वर्ग चालवतो. विद्यार्थी सव्वीस आहेत, त्यांच्या टेबलांवर दुरुस्त करून घेतलेले जुने संगणक आहेत, आणि त्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम प्रत्यक्षात चालतात ते कोपऱ्यात ठेवलेल्या एकाच लिनक्स सर्व्हरवर. त्याला आठ जीबी मेमरी आणि चार कोअरचा प्रोसेसर आहे. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला की या सर्व्हरचा पंखा छताच्या पंख्यापेक्षा मोठ्याने ओरडतो, त्यामुळे कोणाचा तरी प्रोग्रॅम न संपणाऱ्या फेऱ्यांत अडकला आहे हे पडद्याकडे न पाहताही मला कळते.

दोन वर्षांपूर्वी, गड्ड्याची यात्रा संपून वर्ग पुन्हा सुरू झाला त्याच आठवड्यात, एका विद्यार्थिनीने फोर्क, म्हणजे चालू प्रोग्रॅमची (प्रोसेसची) नवी प्रत जन्माला घालणारा कॉल, शिकल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो व्हाइल लूपमध्ये ठेवला आणि लूप थांबवण्याची अट लिहिण्याचे तिच्याकडून राहून गेले. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा प्रोसेस वाढत गेल्या आणि पाहता पाहता सगळ्यांची टर्मिनल गोठली. मला स्वतःलाही लॉगइन करता येईना, कारण लॉगइन करण्यासाठीसुद्धा एक नवी प्रोसेस लागते आणि तेवढी जागाही शिल्लक नव्हती. "सर, मी कंट्रोल-सी दाबतेय, पण ते ऐकतच नाही," असे ती रडवेल्या आवाजात सांगत होती. अखेर सर्व्हरची वीज बंद करावी लागली आणि बाकी पंचवीस जणांचे जतन न केलेले काम गेले. शिकणाऱ्याकडून अशी चूक होणारच. तिच्यामुळे संपूर्ण वर्ग बंद पडू देणे ही मात्र माझी चूक होती. त्या संध्याकाळी मी प्रोसेसवर मर्यादा घालणाऱ्या सिस्टीम कॉलचे, म्हणजे प्रोग्रॅमने लिनक्सच्या गाभ्याकडे करायच्या विनंत्यांचे, मॅन्युअल प्रथमच शेवटपर्यंत वाचले. तेव्हापासून ते कॉल मी रोज वापरत आहे आणि त्या वापरावरच हे परीक्षण आधारलेले आहे.

ही वस्तू विकत घ्यावी लागत नाही आणि वेगळी बसवावीही लागत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ती असतेच. गेटआरलिमिट हा कॉल प्रोसेसवरील सध्याची मर्यादा सांगतो, सेटआरलिमिट ती बदलतो, आणि पीआरलिमिट ही दोन्ही कामे एकाच फेरीत, तीही चालू असलेल्या दुसऱ्या प्रोसेसवर, करू शकतो. पहिले दोन कॉल बर्कलीच्या युनिक्समधून, म्हणजे १९८३ सालच्या ४.२बीएसडी या आवृत्तीतून आले आणि पुढे युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाचा भाग झाले. तिसरा फक्त लिनक्सचा आहे व २०१० साली २.६.३६ या कर्नलबरोबर आला. मर्यादांची मूळ नावे मोठ्या अक्षरांत आणि लांबलचक असतात, म्हणून पुढे मी त्यांचा शेवटचा भागच वापरतो: सीपीयू (प्रोसेसरचा वेळ), एएस (मेमरीचे पत्ते), एफसाइझ (फाईलचा आकार), एनप्रोक (प्रोसेसची संख्या), स्टॅक (फंक्शनच्या आतल्या चलांची जागा), नोफाइल (उघड्या फाईलींची संख्या). अशा सोळा मर्यादा आहेत. त्यांतल्या सहा-सातच माझ्या उपयोगी पडल्या.

प्रत्येक मर्यादेला दोन आकडे असतात. कर्नल प्रत्यक्षात अंमलात आणते तो सॉफ्ट लिमिटचा आकडा, आणि हार्ड लिमिट म्हणजे ते सॉफ्ट लिमिट जास्तीत जास्त जिथपर्यंत वाढवता येईल ती पातळी. सामान्य प्रोसेस आपले सॉफ्ट लिमिट शून्यापासून हार्ड लिमिटपर्यंत हवे तितक्या वेळा वरखाली करू शकते. हार्ड लिमिट ती खाली आणू शकते, परंतु एकदा खाली आणलेले पुन्हा वर नेऊ शकत नाही. त्यासाठी रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, किंवा त्या कामापुरता दिलेला विशेष अधिकार लागतो. या रचनेत मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे, कारण विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅममध्येच कोणी सेटआरलिमिट लिहून मर्यादा वाढवण्याचा प्रयत्न केला (एका हुशार मुलाने तो तिसऱ्याच दिवशी केला) तर त्याला परवानगी नसल्याची त्रुटी मिळते आणि गोष्ट तिथेच संपते.

वापरण्याची पद्धत सोपी आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्याने प्रोग्रॅम तपासणीला पाठवला की माझा तपासनीस प्रोग्रॅम आधी फोर्क करतो. जन्मलेली मुलगी-प्रोसेस प्रथम स्वतःवर सर्व मर्यादा घालून घेते, मग रूटचा अधिकार सोडून साध्या खात्यात उतरते आणि शेवटी एक्झेकने विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम स्वतःच्या जागी आणून बसवते. मर्यादा फोर्कमध्ये वारशाने मिळतात आणि एक्झेकनंतरही टिकतात, त्यामुळे प्रोग्रॅम सुरू होतो तोच बांधलेल्या हातांनी. शेलमधली, म्हणजे टर्मिनलवर आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅममधली, मर्यादा घालणारी यूलिमिट ही आज्ञा स्वतंत्र प्रोग्रॅम नसून शेलचाच भाग का असते, याचे उत्तरही याच वारशात आहे: वेगळ्या प्रोग्रॅमने मर्यादा बदलली असती तर ती त्याच्यापुरती बदलून त्याच्याबरोबरच संपली असती आणि शेल होता तसाच राहिला असता. पायथनमध्ये काम करणाऱ्यांना हेच सगळे रिसोर्स या मॉड्यूलमधून करता येते. मी मात्र तपासनीस सी भाषेतच लिहिला, जेणेकरून वर्गात तो उघडून दाखवता यावा.

सीपीयू ही मर्यादा सेकंदांत मोजली जाते आणि माझ्या मते ती या संचातली सर्वांत विश्वासू आहे. सॉफ्ट लिमिट संपले की कर्नल प्रोसेसला एसआयजीएक्ससीपीयू हा सिग्नल (इशारा) पाठवते आणि हार्ड लिमिट गाठले की थेट एसआयजीकिल, ज्याला कोणतीही प्रोसेस अडवू शकत नाही. सुरुवातीला मी दोन्ही आकडे दोन सेकंदांचे ठेवले होते. त्यामुळे अडकलेले प्रोग्रॅम मरत होते खरे, पण प्रत्येक वेळी एसआयजीकिलनेच, आणि तपासनीसाला हे वेळ संपल्यामुळे झाले की अन्य कोणी मारल्यामुळे हे ओळखता येत नव्हते. हार्ड लिमिट एका सेकंदाने वाढवून तीन केले आणि प्रश्न सुटला: आता एसआयजीएक्ससीपीयूचा क्रमांक २४ आला की विद्यार्थ्याला "वेळ संपली" असा स्पष्ट निरोप जातो. एवढी साधी गोष्ट समजायला मला पंधरवडा लागला, कारण दोन आकड्यांमधले अंतर कशासाठी ठेवायचे हे मॅन्युअल सरळ शब्दांत सांगत नाही. ते दोन वेगवेगळ्या वाक्यांतून जुळवून घ्यावे लागते.

येथे मोजला जातो तो प्रोसेसरचा वेळ, घड्याळाचा नव्हे. स्कॅनएफवर थांबून बसलेला किंवा स्लीप करणारा प्रोग्रॅम दिवसभर बसून राहिला तरी त्याचे दोन सेकंद संपत नाहीत. उलट एकाच प्रोग्रॅमचे चार थ्रेड (समांतर चालणारे भाग) चार कोअरवर एकदम धावले तर तेच दोन सेकंद घड्याळाच्या अर्ध्या सेकंदात संपतात. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. फोर्कने जन्मलेल्या प्रत्येक प्रोसेसचे मीटर शून्यापासून सुरू होते, म्हणजे मरण्याआधी वारस नेमून जाणारा प्रोग्रॅम या मर्यादेला अनंतकाळ चकवू शकतो. म्हणून माझा तपासनीस स्वतःचे दहा सेकंदांचे घड्याळही चालवतो आणि वेळ झाली की संपूर्ण प्रोसेस-गटालाच संपवतो. हे काम आपल्याला स्वतः करावे लागते. सेटआरलिमिटकडून त्याची अपेक्षा ठेवू नये.

एफसाइझविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती सांगितलेले काम निमूटपणे करते. लूपमध्ये प्रिंटएफ लिहून एकाने एका दुपारी सर्व्हरची डिस्क भरून टाकली होती. आता एक एमबीच्या पुढे फाईल वाढू लागली की एसआयजीएक्सएफएसझेड येतो आणि प्रोग्रॅम थांबतो. ही मर्यादा प्रत्येक फाईलला स्वतंत्रपणे लागू होते, सर्व फाईलींच्या बेरजेला नाही. पाइपमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाणाऱ्या वाहिनीत, लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला तर ती लागूच होत नाही.

मेमरीच्या बाबतीत मात्र थोडे थांबून बोलावे लागेल, कारण या वस्तूतली सर्वांत मोठी फसगत इथेच आहे. यादी वाचताना माझी नजर प्रथम आरएसएस या नावावर गेली. प्रोसेस प्रत्यक्ष रॅममध्ये किती जागा व्यापते ते हेच, म्हणून मी त्यावर चौसष्ट एमबीची मर्यादा घातली. सेटआरलिमिटने शून्य परत केले, म्हणजे काम झाल्याची पावती दिली. त्यानंतर मी एक जीबी मेमरी मागून तिच्या प्रत्येक बाइटवर लिहिणारा प्रोग्रॅम चालवला आणि तो शेवटपर्यंत अगदी निर्वेधपणे चालला. मॅन्युअलच्या आणखी खालच्या ओळीत त्याचा खुलासा आहे: ही मर्यादा लिनक्सच्या २.४ मालिकेतल्या जुन्या कर्नलमध्ये, तीही एका विशिष्ट कॉलपुरती, लागू होत असे, आणि नंतर तिचे नावच उरले. जी मर्यादा पाळली जाणार नाही ती स्वीकारताना कर्नलने त्रुटी परत करावी, निदान गप्प तरी बसू नये, असे मला आजही वाटते. दुकानदाराने पैसे घेऊन पावती द्यावी आणि माल मात्र देऊ नये, असा हा व्यवहार आहे.

खरोखर चालते ती एएस, म्हणजे प्रोसेसच्या संपूर्ण आभासी पत्त्यांच्या जागेवरची मर्यादा. मी ती दोनशे छप्पन्न एमबी ठेवली आहे. ती ओलांडू पाहणारी मागणी कर्नल नाकारते आणि मेमरी मागणारा मॅलोक नल (रिकामा पत्ता) परत करतो. इथे मुलांच्या सवयी उघड्या पडल्या. मॅलोकने दिलेला पॉइंटर तपासून पाहण्याची सूचना मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे, आणि विद्यार्थी तेवढ्याच वर्षांपासून तिच्याकडे दुर्लक्ष करत आले आहेत, कारण मोकळ्या संगणकावर मॅलोकने नकार दिल्याचे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. मर्यादा लागू झाल्यानंतरच्या पहिल्या गृहपाठात अकरा जणांचे प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टने पडले. एका मुलाने त्याच्या लिंक्ड लिस्टची जोडणी चुकली असे समजून दोन तास कागदावर बाण काढले. प्रत्यक्षात त्याची जोडणी अचूक होती, नोड मोकळे करायचे राहिल्यामुळे मेमरी संपली होती, आणि नलच्या पत्त्यावर लिहिताना प्रोग्रॅम पडला होता. या मर्यादेचा दोष आणि गुण दोन्ही यातच आहेत: ती नकार देते, पण कारण सांगत नाही. सीपीयूसारखा वेगळा सिग्नल इथे मिळत नाही. त्रुटीचा क्रमांक ईनोमेम असतो, तोही प्रोग्रॅमने स्वतः पाहिला तरच दिसतो.

आभासी पत्ते मोजले जात असल्यामुळे सी भाषेबाहेर ही मर्यादा फारशी उपयोगाची नाही. जावाचे यंत्र सुरू होतानाच पत्त्यांचा मोठा पट्टा राखून ठेवते, प्रत्यक्षात त्यातला थोडाच वापरला जातो, पण एएस राखलेल्याचाही हिशेब धरते. दोनशे छप्पन्न एमबीत जावाचा "नमस्कार" छापणारा प्रोग्रॅमसुद्धा सुरू होत नाही. मेमरीच्या चुका शोधण्यासाठी आम्ही जीसीसी या कंपायलरचा अॅड्रेस सॅनिटायझर वापरतो, तो तर कित्येक टेराबाइटांचे पत्ते राखतो, म्हणून त्या सरावाच्या वेळी एएस काढूनच ठेवावी लागते. प्रोग्रॅमने खरोखर किती मेमरी वापरली हे कळण्यासाठी वेट४ हा शेजारचा कॉल उपयोगी पडतो: प्रोसेस संपल्यावर तो तिच्या वापराचा हिशेब देतो आणि त्यात कमाल व्यापलेली रॅम केबीमध्ये मिळते. आमच्या निकालपत्रकात तोच आकडा छापला जातो.

स्टॅकची मर्यादा बहुतेक लिनक्स संगणकांवर आठ एमबी असते आणि ती मी तशीच राहू दिली. फंक्शनच्या आत तीस लाख पूर्णांकांचा अॅरे घेतला तर त्याला एक कोटी वीस लाख बाइट लागतात आणि प्रोग्रॅम पहिल्या ओळीवरच कोसळतो. विद्यार्थी मर्यादा वाढवून मागतात. मी त्यांना अॅरे कुठे ठेवावा ते पुन्हा शिकवतो.

आता एनप्रोक. ज्या फोर्कमुळे हे सगळे सुरू झाले त्यावरचा हा उपाय, आणि मी सर्वांत जास्त चुका केल्या त्याही इथेच. पहिली चाचणी मी एका आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या संगणकात, केली, मर्यादा दहा ठेवली आणि फोर्कचा स्फोट घडवून पाहिला. आभासी यंत्र तत्काळ गोठले. मी चाचणी रूट म्हणून चालवली होती आणि रूटला ही मर्यादा लागूच होत नाही. दुसऱ्या वेळी खाते बदलण्याची पायरी जोडली, तर उलटेच झाले: निरुपद्रवी प्रोग्रॅमसुद्धा सुरू होईनात. खाते बदलणारा सेटयूआयडी यशस्वी होत होता आणि पुढच्याच पायरीवर एक्झेक ईअगेन ही त्रुटी देत होता. कारण शोधता शोधता रात्रीचे साडेअकरा वाजले. एनप्रोक हे नाव प्रोसेसची संख्या सुचवते, पण मोजली जाते ती त्या प्रोसेसची मुले नव्हेत, तर त्याच वापरकर्त्याच्या नावावर संपूर्ण सर्व्हरवर चालू असलेले सगळे काही, थ्रेडसुद्धा. ज्या खात्यात मी विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम उतरवत होतो त्याच खात्यात तपासणीची रांग सांभाळणाऱ्या माझ्याच बारा प्रोसेस आधीपासून चालू होत्या. दहाची मर्यादा प्रोग्रॅम जन्मण्यापूर्वीच ओलांडलेली होती.

त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक बाकाला स्वतंत्र खाते. सव्वीस खाती तयार करून प्रत्येकाला वीस प्रोसेसची मर्यादा दिली, आणि पुढच्या तुकडीत फोर्कचा धडा आला तेव्हा सर्वांकडून तो स्फोट मुद्दाम एकाच वेळी घडवून घेतला. प्रत्येकाच्या पडद्यावर फोर्क अयशस्वी झाल्याच्या ओळी धो धो वाहिल्या, पंखा जोरात फिरू लागला, पण माझे टर्मिनल चालू राहिले आणि थोड्या वेळाने सगळे शांत झाले. त्या दिवशी वर्गात शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा बेत झाला, हे परीक्षणाच्या कक्षेबाहेरचे असले तरी नमूद करतो.

इतके असूनही ही वस्तू परिपूर्ण आहे असे मी म्हणणार नाही. तिची मूळ उणीव अशी की ती बहुतांशी एकेका प्रोसेसवर लक्ष ठेवते, समूहावर नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते. वाड्यातल्या प्रत्येक माणसाने दहाच घागरी भराव्यात असा नियम केला आणि एका बिऱ्हाडाने वीस माणसे रांगेत उभी केली, तर नियम मोडला असे कोणालाच म्हणता येणार नाही, पण टाकी रिकामी होईल. वीस प्रोसेस आणि प्रत्येकीला दोनशे छप्पन्न एमबी म्हणजे एका विद्यार्थ्याला पाच जीबी, आणि माझ्या सर्व्हरमध्ये आहेत एकूण आठ. संपूर्ण गटावर एकत्र मर्यादा घालण्याचे काम सीग्रुप (कर्नलचीच दुसरी सोय) करतात. त्यांची दुसरी आवृत्ती २०१६ साली ४.५ या कर्नलमध्ये अधिकृत झाली असून गटाची एकूण मेमरी, एकूण प्रोसेस आणि प्रोसेसरमधला वाटा तिथे साध्या फाईलींत आकडे लिहून ठरवता येतो. पण दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. सेटआरलिमिट मेमरी मागतानाच नाही म्हणते आणि प्रोग्रॅमला सावरण्याची संधी देते. सीग्रुप मेमरी मागू देते आणि वापर हाताबाहेर गेला की गटातली एखादी प्रोसेस मारते. शिकवण्यासाठी मला पहिला स्वभाव हवा आहे, सर्व्हर वाचवण्यासाठी दुसरा, म्हणून गेल्या वर्षापासून मी दोन्ही एकत्र वापरतो.

मर्यादा कायमच्या ठेवण्याची व्यवस्था हीदेखील त्रासाची बाब आहे. लिमिट्स डॉट कॉन्फ या फाईलमध्ये आकडे लिहिले की झाले, असे बहुतेक जण सांगतात, पण ती फाईल वाचली जाते ती पॅम या ओळख तपासणाऱ्या व्यवस्थेमार्फत लॉगइन होताना. संगणक सुरू होताच सिस्टीमडी ज्या सेवा चालवते त्या लॉगइन करत नाहीत, त्यामुळे त्यांना हे आकडे लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी त्या-त्या सेवेच्या युनिट फाईलमध्ये वेगळी ओळ लिहावी लागते. माझी एक संपूर्ण दुपार यात गेली. तेव्हापासून लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, प्रोक या डिरेक्टरीत प्रोसेसच्या क्रमांकाखाली असलेली लिमिट्स ही फाईल उघडून प्रत्यक्ष लागू असलेला आकडा पाहायचा, असा नियम मी केला आहे. आणखी एक इशारा: या मर्यादांना कोणी सुरक्षाव्यवस्था समजू नये. विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमने दुसऱ्याची फाईल वाचली किंवा नेटवर्कवर कुठे जोडणी केली तर सेटआरलिमिटला त्याच्याशी काही देणेघेणे नाही.

एकच सर्व्हर, ओळखीचे विद्यार्थी आणि सी भाषा, असा ज्यांचा संसार आहे त्यांना मी ही वस्तू बिनदिक्कत सुचवेन आणि पाचपैकी चार गुण देईन. गेलेला गुण आरएसएसच्या खोट्या पावतीसाठी आहे. अनोळखी लोकांचे प्रोग्रॅम इंटरनेटवरून स्वीकारून चालवणाऱ्यांनी मात्र थेट कंटेनरकडे, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या व्यवस्थेकडे, जावे. तिथेही आत हे कॉल असतातच.

पीआरलिमिटबद्दल लिहायचे राहिले, कारण त्याची खरी किंमत मला वर्गात नव्हे तर अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत कळली. तिथे माझ्या एका मित्राचा टॉवेलचा कारखाना आहे. जॅकार्ड मागांना नक्षीच्या फाईली पुरवणारा छोटा प्रोग्रॅम मीच त्याला लिहून दिला होता. फेब्रुवारीतल्या एका रात्री त्याचा फोन आला, "अण्णा, नवीन नक्षी मागावर उतरत नाही, आणि सकाळी माल पाठवायचा आहे." सर्व्हरवर पाहिले तर नोंदीत एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: उघड्या फाईलींची संख्या प्रमाणाबाहेर. मागाकडून आलेली जोडणी (लिनक्स तीही उघडी फाईलच धरते) काम झाल्यावर बंद करण्याचे माझ्याच प्रोग्रॅममध्ये राहून गेले होते आणि महिनाभरात अशा जोडण्या साठत साठत नोफाइलच्या १०२४ या सॉफ्ट लिमिटला जाऊन टेकल्या होत्या. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करणे शक्य होते, पण त्याच वेळी बारा माग अर्धी नक्षी उतरवून पुढच्या भागाची वाट पाहत होते आणि जोडणी तुटली असती तर त्या बाराही मागांवर टॉवेल मध्येच फुकट गेले असते.

युटिल-लिनक्स या साधनसंचाच्या २.२१ आवृत्तीपासून पीआरलिमिट याच नावाची आज्ञाही मिळते. तिला प्रोसेसचा क्रमांक आणि नोफाइलचा नवा आकडा ४०९६ दिला आणि आकड्यानंतर कोलन टाकला. हा कोलन विसरू नये. तो असला तर फक्त सॉफ्ट लिमिट बदलते. नुसता आकडा दिला तर हार्ड लिमिटही तेवढेच होते, आणि साध्या खात्यातून एकदा खाली आणलेले हार्ड लिमिट पुन्हा वर जात नाही, हे वर आलेच आहे. त्या संगणकावरचे हार्ड लिमिट पाच लाखांच्या वर होते, कारण सिस्टीमडीने २४० या आवृत्तीपासून ते वाढवून ठेवले आहे. सॉफ्ट लिमिट मात्र १०२४वरच ठेवले जाते, कारण अनेक जोडण्यांवर नजर ठेवणारा सिलेक्ट हा जुना कॉल त्यापुढचे फाईल क्रमांक हाताळू शकत नाही आणि त्यावर बेतलेले प्रोग्रॅम मेमरी बिघडवून घेतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये सुदैवाने ही अडचण नसलेला पोल हा कॉल होता. रूट होण्याचीही गरज पडली नाही, कारण प्रोसेस माझ्याच खात्याची होती.

एंटर दाबल्यावर नोंदीतली ती ओळ येणे थांबले, आणि फोनवरून मागांचा खडखडाट पुन्हा एकसारखा ऐकू येऊ लागला. जोडणी बंद करणारी ओळ मी दुसऱ्या दिवशी, शिफ्ट बदलताना, प्रोग्रॅममध्ये घातली.